बुडीत गावाचा दाखला

आमच्या गावाच्या नावापुढे नंबर लागतो. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठाला अशी गावं आहेत. मूळ गाव पाण्यात आणि वर माळावर त्याच नावाचं नंबर १, नंबर २. माझा जन्म नंबर २ मधला. मूळ गाव मी कधी पाहिलं नव्हतं. ते मला भेटलं प्रकल्पग्रस्त दाखला, म्हणजे प्रकल्पात जमीन गेल्याचा सरकारी दाखला, काढताना. या कामाला माझे सात महिने गेले. ज्यांच्या घरात दाखला अजून काढलेला नाही, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

सरकारी नोकरीत गट क आणि गट ड मध्ये प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखलेल्या जागा) आहे. पण लाभ कुटुंबात एकालाच, म्हणून दाखला कुणाच्या नावाने हे घरात आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे चुलतभावांनी आपणहून माझं नाव पुढे केलं. हे मी कधी विसरणार नाही.

अर्ज सोलापूरला, कलेक्टर कचेरीत, पुनर्वसन शाखेकडे. सोबत गेलेल्या जमिनीचा जुना सातबारा, फेरफार, निवाड्याची (कोणती जमीन गेली आणि मोबदला किती, हे ठरवणाऱ्या आदेशाची) नक्कल, १२(२)ची नोटीस, वंशावळ, शपथपत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. १२(२)ची नोटीस म्हणजे १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली, निवाडा झाला असं खातेदाराला कळवणारा कागद. आज्ज्याला ती मिळाली असणारच. पण ज्या माणसाला घराचे वासे उतरवून बैलगाडीत भरायचे होते, त्याने तो कागद कुठे ठेवला असेल? ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, आज्जीची पेटी, सगळं पाहिलं. मोबदल्याची एक पावती सापडली, तीही घडीवर फाटलेली.

त्या पावतीने काम केलं. तिच्यावर निवाड्याचा क्रमांक होता. नक्कल मागायला क्रमांक लागतो, नुसत्या गावाच्या नावावर कुणी शोधून देत नाही. म्हणून सांगते, घरात जुनी पावती असली तर आधी तिचा फोटो काढून ठेवा.

पुढे नावाचा घोळ निघाला. सातबाऱ्यावर आज्ज्याचं पूर्ण नाव, पावतीवर घरातलं हाकेचं नाव. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं शपथपत्र करावं लागलं. एका कार्यालयात तर हाच मुद्दा तीन वेळा काढला, आणि प्रत्येक वेळी मी करमाळ्याहून एसटीने तीन तास जाऊन तसेच तीन तास परत आले. त्या दिवसांत मला फार राग यायचा. जमीन सरकारने घेतली, नोंद सरकारकडे, पाणी सगळ्या जिल्ह्याला दिसतं, आणि आमची जमीन गेली हे सिद्ध करायचं आम्ही.

उशीर झाला की मी सोलापुरात मैत्रिणीच्या खोलीवर राहायचे. तिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ड्रम भरून ठेवलेले असायचे. ते पाणीही उजनीचंच. धरणात एकूण ११७ टीएमसी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात (तळाचं राखीव पाणी) धरतात, म्हणून पाणी त्या पातळीखाली उतरलं की आमच्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात. पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर आहे. पाणी खाली जाताना यंत्र वीज करतं आणि उलटं फिरवलं तर खालचं पाणी परत वर चढवतं, अशी त्याची रचना. 'वीजनिर्मितीसाठी १६०० क्युसेक विसर्ग' ही बातमी वाचतच आम्ही मोठे झालो. कोयनेच्या १९६० मेगावॉटपुढे हे फार लहान आहे. उजनी मुख्यतः शेतीला आणि प्यायला पाणी देणारं धरण. पण टंचाईच्या वर्षी काठावरच्या मोटारींच्या विजेचे तास कमी होतात. ज्यांची काळी रानं पाण्यात गेली त्यांच्याच या मोटारी. मला हे आजही पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला आत्याच्या सहीला. आत्या पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात दिलेली. पूर्वी उन्हाळ्यात नदी उतरून माणसं माहेरी चालत यायची. १९८०ला धरण झालं आणि मध्ये पाणी पसरलं. तेव्हापासून जायचं तर लाँचने, नाहीतर लांबच्या वळशाने. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. त्यानंतर आण्णांनी बोटीचं नाव काढू दिलं नाही. आम्ही भिगवणकडून फिरून गेलो.

आत्याने संमतीपत्रावर लगेच सही केली. वाचलंसुद्धा नाही. तिला निवाडा बघायचा होता.

निवाडा म्हणजे नुसते आकडे असतात असं मला वाटायचं. पण त्यात सर्व्हे नंबरासोबत रानातली विहीर लिहिलेली असते, बांधकाम कच्चं की पक्कं तेही, आणि एकेक झाड मोजलेलं असतं. आमच्या पानावर होतं: विहीर १, पक्की. आंबा २. चिंच १. बाभळी ७. मी वाचत गेले आणि आत्या डोळे मिटून बोट हवेत फिरवत जागा दाखवत गेली. चिंच विहिरीच्या वरच्या अंगाला, बाभळी ओढ्याकडे. आंब्याशी ती थांबली.

"तीन होते गं. बांधावरचा शेंद्र्या कुठंय यात?"

मी पान उलटून पाहिलं. नव्हता. आण्णा म्हणाले, "अक्का, बांधावरचा शेजाऱ्यांच्या नावावर लागला असंल." ती काही बोलली नाही.

त्यानंतर तलाठ्याचा पंचनामा आला आणि आमच्या कुटुंबात आधी कुणी लाभ घेतलेला नाही याची खात्री झाली. सातव्या महिन्यात दाखला हातात मिळाला. त्यात 'बुडीत क्षेत्रातील गाव' या रकान्यात आमच्या गावाचं नाव आहे, नंबर न लावलेलं. तलाठी भरतीच्या अर्जासाठी तो मी जपून ठेवलाय.

आत्याला दाखल्याची झेरॉक्स नको होती. निवाड्याचं तेवढं पान तिने मागून घेतलं. मी ते लॅमिनेट करून दिलं. परवा गेले तेव्हा ते तिच्या देव्हाऱ्याशेजारी टेकवलेलं होतं, आणि 'आंबा २'च्या पुढे नातवाकडून तिने पेनाने लिहून घेतलं होतं: शेंद्र्या १.