पट्टा घेण्याआधी प्लेट बघा

कॅमेऱ्याच्या बुडाला आट्यांचं भोक एकच असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवायची छोटी धातूची प्लेट तिथे बसते आणि खांद्यावरून तिरका घ्यायच्या पट्ट्याची कडीसुद्धा नेमकी तिथेच फिरवून बसवायची असते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना याचा त्रास नाही, कारण दिवसभर कॅमेरा त्यांच्या हातातच असतो. माझं काम मात्र थोडं चालायचं, ट्रायपॉड मांडायचा, फोटो काढायचा, परत चालायचं, असं आहे. प्रत्येक वेळी पट्टा सोडून प्लेट लावायची आणि प्लेट सोडून पट्टा लावायचा, हे सकाळी सहा वाजता शक्य नाही.

मी रत्नागिरीत राहते आणि सुट्टी मिळाली की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माळावर जाते. पावसाळ्यात दीपकाडी आणि सीतेची आसवं ही रानफुलं, पाऊस सरला की कातळात कोरलेली जुनी चित्रं, म्हणजे कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचं गोठणं ही नावं आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणातली ही ठिकाणं आली, गोव्यातल्या पणसायमळासकट. जांभ्यात कोरलेल्या या रेषा उथळ असतात. दुपारी डोक्यावर ऊन आलं की समोर असूनही दिसत नाहीत. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ ऊन आडवं पडतं, प्रत्येक खाचेत सावली उभी राहते आणि तेवढ्यातच काय ते काम उरकायचं असतं. त्या वेळेत पिशवीत एलन की, म्हणजे प्लेटचा स्क्रू आवळायची षटकोनी चावी, शोधत बसणं मला परवडत नाही.

पट्टा घ्यायला पुण्यात गेले तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, हा सगळ्या कॅमेऱ्यांना बसतो." खरंच होतं ते. ट्रायपॉडच्या स्क्रूचं माप जगभर ठरलेलं आहे, पाव इंच जाडी आणि इंचाला 20 आटे, त्यामुळे कुठलाही पट्टा कुठल्याही कॅमेऱ्याला बसतो. मी पिशवीतून माझं बॉल हेड, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरचा फिरता भाग, ज्याच्या क्लॅम्पमध्ये प्लेट धरली जाते, काढून काउंटरवर ठेवलं. "कॅमेऱ्याला बसेल रे दादा, पण पट्टा लावलेला असताना कॅमेरा यात बसतो का ते बघू." त्याने कुरकुर न करता चार-पाच प्रकार काढून दिले आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक लावून पाहिला. तुम्हीही हेच करा. हेड घरी ठेवून पट्टा घ्यायला जाऊ नका.

स्क्रूने बुडाला बसणारा तिरका पट्टा, ब्लॅकरॅपिड कंपनीने लोकप्रिय केलेला, चालताना फार सुखाचा असतो. कॅमेरा कमरेशी लोंबतो, हात घातला की वर येतो. पण तो लटकत असताना सतत थोडा थोडा फिरतो आणि ते फिरणं स्क्रूपर्यंत पोचतं. म्हणून तिथे रबरी वॉशर असतो, तो झिजला की बदलावा लागतो आणि अधूनमधून हात लावून स्क्रू घट्ट आहे ना हे बघत राहावं लागतं. शिवाय सड्यावर तो उघडायचा म्हणजे जांभ्याची लाल बारीक धूळ आट्यांत जाणार. ती एकदा गेली की स्क्रू करकर वाजत फिरतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूचे आटे झिजायला लागतात. प्लेटचा स्क्रू घरी बसवायचा आणि घरीच काढायचा, हा माझा नियम आहे.

मग कडीवाली प्लेट. हिच्या स्क्रूलाच खालून घडी होणारी कडी असते, स्वस्त मिळते आणि कल्पना चांगली आहे. फक्त कडी प्लेटच्या खाचेत पूर्ण आडवी झोपते का, ते बघा. केसभर जरी वर राहिली तरी क्लॅम्पच्या तळाला टेकते, प्लेट सपाट बसत नाही आणि क्लॅम्प आवळल्यावरही कॅमेरा हलतो. दुसरं, चालताना सगळा ओढा त्याच स्क्रूवर येतो. मला ते पटत नाही.

सर्वांत पक्की सोय म्हणजे एल आकाराचा ब्रॅकेट, ज्याच्या कडेला बटण दाबून सुटणाऱ्या खुंटीचं भोक असतं. बंदुकीच्या पट्ट्याला हीच खुंटी वापरतात. कॅमेरा आडवा-उभा करायचा असेल तर याला तोड नाही. पण तो प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळा, महाग, आणि पिशवीत वजन वाढवणारा.

मी घेतली ती चारही कोपऱ्यांना छोटी भोकं असलेली चौकोनी आर्का पद्धतीची, म्हणजे तिरक्या कडांनी क्लॅम्पमध्ये धरली जाणारी प्लेट. पट्टा पीक डिझाइन कंपनीच्या पद्धतीचा: कोपऱ्याच्या भोकातून एक बारीक दोरीचा फास ओवायचा, त्याला बटणाएवढी गोल चकती असते, ती पट्ट्याच्या टोकात टक करून बसते. पट्ट्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या डाव्या कडीला, दुसरं प्लेटच्या कोपऱ्याला. असं लावलं की भिंग जमिनीकडे वळतं, कॅमेरा मांडीला चिकटून राहतो आणि उजव्या हाताची मूठ मोकळी राहते. ट्रायपॉडवर ठेवताना पट्टा काढावा लागत नाही, आणि काढायचा म्हटलं तर दोन चकत्या दाबून क्षणात निघतो.

यात एकच गोष्ट नीट बघायची. आर्का प्लेट साधारण 38 मिलिमीटर रुंद असते, तिच्या दोन तिरक्या कडा क्लॅम्पच्या जबड्यात जातात. क्लॅम्प प्लेटपेक्षा लांब असेल तर कोपऱ्यातली दोरी जबडा आणि प्लेट यांच्यामध्ये सापडू शकते. बाहेरून क्लॅम्प बंद दिसतो, पण एका बाजूने धरलेलाच नसतो. म्हणून दोरी बाहेरच्या अंगाला ओढून मगच आवळायचं आणि कॅमेरा सोडण्याआधी एकदा हाताने हलवून बघायचं. खटक्याने बंद होणाऱ्या क्लॅम्पला तर ही काळजी जास्तच, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्का प्लेटा मापाने तंतोतंत सारख्या नसतात आणि खटका मापाबाहेर जराही सामावून घेत नाही. गोल फिरवून आवळायचा क्लॅम्प मला म्हणूनच आवडतो.

माझा कॅमेरा निकॉन डी750, बॅटरी-कार्डासकट 840 ग्रॅम. त्याच्या बॅटरीचं दार खालीच, मुठीच्या तळाशी आहे. लांब प्लेट लावली की ते अडतं, आणि बॅटरी बदलायला प्लेट काढावी लागली तर सगळा खटाटोप वाया. छोट्या चौकोनी प्लेटला तो त्रास नाही. पण छोटी प्लेट फिरण्याची शक्यता जास्त, कारण पट्टा तिच्या कोपऱ्याला ओढतो आणि तो ओढा तरफेसारखा स्क्रूवर येतो. बोटांनी आवळलेली प्लेट तासाभराच्या चालीत तिरकी होते. एलन कीने आवळलेली जागची हलत नाही. मागच्या बाजूला छोटा ओठ असलेली प्लेट मिळाली, जो कॅमेऱ्याच्या पाठीला टेकतो, तर नक्की घ्या.

सड्यावर वारा कायम असतो. एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरला लोंबता पट्टा फडफडला की ती थरथर थेट कॅमेऱ्यात जाते, आणि कातळातली बारीक टोच्यांची रेघ मऊ दिसते. ट्रायपॉडच्या पायाला पट्टा गुंडाळून हे थांबत नाही. म्हणून मी कॅमेरा क्लॅम्पमध्ये पक्का बसला की पट्टा दोन्ही टोकांनी सोडते आणि गळ्यातच ठेवते. दीपकाडीसारख्या बुटक्या फुलांना कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो, तिथेही हेच, नाहीतर पट्टा चिखलात लोळतो. आणि ट्रायपॉडचे पाय शिल्पाच्या रेषांवर कधीही टेकवू नका, चौकट थोडी बिघडली तरी चालेल. कशेळीचा तो हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, त्याच्या बाहेर उभं राहायला सडा भरपूर मोकळा आहे.

पक्ष्यांसाठी 150-600 मिलिमीटरसारखं लांब पल्ल्याचं भिंग वापरत असाल तर हिशोब बदलतो. भिंगच दोन किलोच्या घरात, त्यामुळे पट्टा कॅमेऱ्याला लावलात तर सगळा भार दोघांच्या जोडावर येतो. पट्टा भिंगाच्या पायालाच, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायला भिंगाखाली असतो त्या भागालाच, हवा. पायाला लांब प्लेट लावा, पट्टा तिच्या टोकाच्या भोकात, आणि मधला भाग क्लॅम्पमध्ये.

समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही. माझ्या प्लेटच्या स्क्रूला पावसाळ्यात तांबूस डाग येतात. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसटसा हात लावते, प्लेटच्या रबराला तेल लागू न देता. पट्ट्याच्या दोरीचे फास जिथे धातूवर घासतात तिथे नजर ठेवा. आतला वेगळा रंग दिसायला लागला की ते बदलायचे, अजून थोडे चालतील म्हणून ठेवायचे नाहीत.

ज्यांच्याकडे छोटा मिररलेस आणि हलकं भिंग आहे त्यांनी एवढंही करायची गरज नाही. असेच सुटे होणारे फास कॅमेऱ्याच्या दोन्ही वरच्या कड्यांना लावा आणि बुडाची प्लेट कायमची ट्रायपॉडला देऊन टाका. कॅमेरा छातीवर लोंबेल, एवढाच फरक.