तुम्ही विचारलंत म्हणून: कालिसि

‘‘ताई, पोर्तुगीज तर तुम्हाला येत नाही, मग ब्राझीलचं ते गाणं दरवर्षी मुलांना का ऐकवता?’’ धरमपेठेतल्या माझ्या गाण्याच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात. दारात उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

गाणं शिको बुआर्के आणि जिलबेर्तो जिल यांचं, १९७३ चं. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्कराची सत्ता. गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरकडे द्यावे लागत. जिल तर तुरुंग आणि हद्दपारी दोन्ही भोगून आलेले. गाण्याचं धृपद बायबलमधलं आहे. पकडलं जायच्या रात्री येशू विनवतो, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला म्हणजे ‘कालिसि’. आणि ‘तोंड बंद ठेव’ या हुकुमाचा उच्चारही ‘कालिसि’च! पोर्तुगीजमध्ये दोन्हींचं स्पेलिंग वेगळं. मी वहीत उतरवून घेतले तेव्हा मात्र देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब सारखे उमटले. पेन तसंच हातात धरून मी बघत राहिले. बापा, हे ‘चूप बैस’ माझ्यापासून दूर कर! (‘गप्प बस’ लिहिता आलं असतं, पण आमच्या नागपुरी ‘चूप बैस’मधली जरब त्यात नाही.)

सेन्सॉरलाही ते कळलं. बंदी आली. त्याच वर्षी मे महिन्यात साओ पावलोच्या मंचावर दोघांनी नुसती चाल गुणगुणायची आणि मधूनच तो एक शब्द उच्चारायचा, असं ठरवलं. माइक बंद झाला. शिको दुसऱ्या माइककडे वळले, तर तोही बंद.

एका कार्यक्रमात गाताना माझा माइक गेला होता. आवाज एकदम एवढासा होतो. पहिल्या रांगेपलीकडे काही पोचत नाही, लोकांना फक्त आपले ओठ दिसतात. घसा ताणावासा वाटतो, आणि ताणला की सूर सुटतो. माझी वायर दोन मिनिटांत जोडली गेली. त्यांचं गाणं रेकॉर्डवर यायला १९७८ उजाडलं, तेही जिलऐवजी मिल्टन नासिमेंतोंच्या आवाजात.

मुलांना मी आधी काहीच सांगत नाही. गाणं लावते, परत परत येणारा शब्द वहीत लिहायला सांगते. सगळ्यांच्या वहीत एकच शब्द येतो. मग त्याचे दोन अर्थ फळ्यावर लिहिते आणि गाणं पुन्हा लावते.