लोणारच्या दगडातला कोएसाइट

लोणार विवराबाहेर फेकल्या गेलेल्या बेसाल्टचा एक तुकडा आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत अध्यापनासाठी आला होता आणि त्याचा सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याइतका पातळ काप, करण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्या प्रयोगशाळेतल्या कारागिराकडे, काकांकडे, गेले. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून ती 0.03 मिलिमीटर जाडीची होईपर्यंत कार्बोरंडमच्या भुकटीवर घासायची असते. ही जाडी हातकाम करणारा कारागीर कोणत्याही मापकाने मोजत नाही, तर खनिजांच्या रंगावरून ओळखतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमधून, पाहताना प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार करडा-पांढरा दिसू लागला, की घासणे थांबवायचे. सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट दरवर्षी याच खुणेवर उतरतो.

या दगडाने ती खूण दिलीच नाही. फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्यांच्या कडा साध्या प्रकाशात शाबूत होत्या, पण ध्रुवकांमध्ये त्या पूर्ण काळ्या पडत आणि सूक्ष्मदर्शकाचे टेबल कितीही फिरवले तरी काळ्याच राहत. जास्त घासलेला फेल्डस्पारही काळवंडत जातो, त्यामुळे नवख्या माणसाने सेक्शन वाया गेला असे समजून काचपट्टी टाकून दिली असती. काकांनी शेजारचे पायरॉक्सिन हे दुसरे खनिज पाहिले आणि ते मला बोलवायला आले. “मॅडम, फेल्डस्पार काळंच दिसून राहिलं, पण पायरॉक्सिन तर रंगावर आहे. सेक्शन बरोबर आहे, दगडातच काहीतरी आहे.”

दगडात होते ते मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताने काच बनलेला फेल्डस्पार. अशनीच्या आघाताची लाट खडकातून जाताना साधारण 20 ते 40 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट दाब पडला, की फेल्डस्पारची स्फटिकरचना मोडते, मात्र स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो. लोणारमधील मॅस्केलिनाइटची नोंद 1973 पासून आहे आणि हे विवर आघातानेच झाले, या निष्कर्षाचा तो एक भक्कम आधार आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी एवढे पुरेसे होते. परंतु त्याच सेक्शनमध्ये एक पांढरी भरलेली पोकळी होती आणि काकांनी ती जपली होती म्हणूनच पुढचे सारे घडले.

लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या पुढे गारगोटी (सिलिकाचे खनिज, म्हणजेच क्वार्ट्झ) आणि झिओलाइट (पाणी धरून ठेवणारे खनिज) यांनी भरतात. घासताना हा भराव हमखास उखडतो आणि गरम तव्यावर चिकटवले तर झिओलाइटमधले पाणी निघून तो भुसभुशीत होतो. काकांनी कापण्याआधीच दगडात पातळ रेझिन जिरवले आणि ते गार अवस्थेतच घट्ट होऊ दिले. मे महिन्यातल्या नागपुरात याचा अर्थ काय होतो, हे तो उद्योग करणाऱ्यालाच कळेल. कालवलेले रेझिन दगडात मुरण्याआधीच वाटीत आळू लागते. शेवटी त्यांनी वरची झाकणकाच न लावता सेक्शनला आरशासारखी चकाकी दिली.

त्या पोकळीत गारगोटी उरलीच नव्हती. तिच्या जागी सिलिकाची काच होती आणि काचेत बारीक गोलसर पुंजके उठून दिसत होते. सिलिका-काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, 1.46 आणि प्रचंड दाबाखाली तयार होणारे सिलिकाचे रूप असलेल्या कोएसाइटचा सुमारे 1.59, त्यामुळे नजरेला कोएसाइटची शंका येणे स्वाभाविक होते. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

रामन वर्णपटाची, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून खनिज ओळखण्याची, सोय दुसऱ्या एका संस्थेत होती. लेझर पुंजक्यावर धरताच 521 या आकड्यावर उंच शिखर आले. उपकरण चालवणाऱ्या तरुणाने लगेच सांगितले, की हा सिलिकॉनचा संकेत आहे, कारण सकाळी ज्या चकतीवर उपकरण जुळवतात त्या सिलिकॉनचे शिखर 520.5 वर असते. त्याची हरकत योग्य होती. मला खटकली ती त्यानंतर अहवाल छापून मोकळे होण्याची घाई. तिथे मोजणी ठरावीकपणे 450 पासून सुरू करत, आणि कोएसाइटच्या ओळखीच्या खुणा बऱ्याचशा त्याखालीच असतात. मी मोजणी 100 पासून घ्यायला लावली. 176, 269 आणि 427 ही शिखरे एकामागून एक उमटली. सिलिकॉन ती देऊ शकत नाही. शेजारच्या मॅस्केलिनाइटवर त्यांतले एकही आले नाही.

कोएसाइट 1953 मध्ये लोरिंग कोएस यांनी प्रयोगशाळेत घडवला आणि 1960 मध्ये तो ॲरिझोनाच्या विवरात निसर्गात सापडला. तेथील खडक मुळात क्वार्ट्‌झने भरलेला वालुकाश्म होता. लोणारच्या बेसाल्टमध्ये स्वतःची गारगोटी जवळपास नसते. ती नंतर पोकळ्यांत साचलेली. अशा पोकळ्यांतील कोएसाइटचे वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे आम्ही काही पहिले नव्हे. त्या अभ्यासानुसार तेथे गारगोटी स्थानिकरीत्या वितळली आणि कोएसाइट त्या द्रवातून थेट स्फटिकरूप झाला. आघाताची लाट कठीण खडकातून वेगळ्या घनतेच्या भरावात शिरताना तिथे नेमके काय होते, हा प्रश्न मला सोडत नाही. पुंजके पोकळीच्या काठाशी अधिक आहेत की मध्यभागी, हे एका छेदावरून ठरत नाही.

त्याच पोकळीचा उरलेला अर्धा भाग कापलेल्या तुकड्यात आहे आणि तो पहिल्या छेदाला काटकोनात कापला तर उत्तराच्या जवळ जाता येईल. पण काका आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांचे पद भरलेले नाही. खडकशास्त्राच्या शोधनिबंधांत सेक्शन करणाऱ्याचे नाव बहुधा आभाराच्या ओळीतही नसते. जे काम कागदावर दिसत नाही त्याचे पद आधी रिकामे राहते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने यंत्रावर सेक्शन करून देण्याची तयारी दाखवली, मात्र त्यांची चिकटवण्याची पद्धत गरम तव्याची असल्याने मी तुकडा पाठवला नाही. पद भरण्यासाठी दिलेल्या अर्जात मी कारण म्हणून हीच पोकळी नोंदवली असून तिन्ही शिखरे दाखवणारा वर्णपट त्याला जोडला आहे.