चीजच्या पोटात ठेचा

चीज सँडविच घरी करायचं तर आत ठेचा हवा, हिरवी चटणी नको, यावर मी ठाम आहे. कोथिंबिरीच्या चटणीला पाणी सुटतं आणि ब्रेड एकदा आतून ओला झाला, की वरून कितीही खरपूस भाजा, तो टाळूला चिकटतोच. ठेच्याचं तसं नाही. मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर काळे डाग पडेपर्यंत परतायच्या, जाडं मीठ घालायचं आणि तिथंच तव्यात तांब्याच्या बुडानं रगडायच्या. मिक्सर लावला की त्याचं उगाळलेलं गंध होतं. एखादी बी दाताखाली यायलाच हवी. मिरच्या मंडईतून बारीक, गडद हिरव्या आणाव्यात. जाड, पोपटी मिरची भज्यांना ठीक. मीठ मात्र हात राखून, कारण बटर खारट, चीजही खारट.

चीजच्या बाबतीत मी अजिबात चोखंदळ नाही. हल्ली पुण्यात बाणेर-औंधकडच्या दुकानांतून चांगलं मुरलेलं चेडर मिळतं. ते नुसतं खावं, फार तर द्राक्षांबरोबर. सँडविचात आच जरा जास्त झाली की ते तेल सोडतं आणि मागे चिवट गोळा उरतो. त्यापेक्षा चांदीच्या कागदातला अमूलचा क्यूब किसावा. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये असे क्षार घातलेले असतात, की तापल्यावरही त्यातली चरबी आणि पाणी एकमेकांना सोडत नाहीत. अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं १९१६ साली अशा चीजचं पेटंट घेतलं ते मुख्यतः चीज टिकावं म्हणून. ते इतकं छान वितळतं, हा आपला फायदा. खवय्ये नाक मुरडतात, मुरडू देत.

आणि ठेच्याची खरी गाठ याच चीजशी आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. शिवाय दुधातलं केसिन त्याला जिभेवरून ओढून नेतं. म्हणून भाकरीबरोबर नखाएवढा पुरणारा ठेचा इथं चमचाभर घातला तरी चालतो. पहिल्या घासाला नुसतं चीज लागतं, तिखट मागून येतं, कानांपर्यंत जातं आणि पुढच्या घासाला परत शांत होतं. आमचे चिरंजीव तरीही पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसतात. त्यापेक्षा ताक घे, असं मी सांगते. पण आईचं रसायनशास्त्र कोण ऐकतो!

टोस्टर तुळशीबागेतला, लांब दांड्यांचा, गॅसवर धरायचा. विजेचा ग्रिलर दिसायला देखणा असतो, पण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तो नुसता ओट्यावरची जागा अडवतो. टोस्टर नसेल तर तवा घ्यावा आणि सँडविचवर ताटली ठेवून वर वरवंटा ठेवावा. बटर ब्रेडच्या बाहेरच्या अंगाला, अगदी कडेपर्यंत. गॅस बारीकच हवा. मोठ्या आचेवर ब्रेड काळा होतो आणि आतला कीस तसाच थंड, सुटा राहतो. बारीक आचेवर दोघांचं काम एकाच वेळी संपतं. टोस्टरच्या फटीतून थोडं चीज बाहेर येऊन कडेला जाळीसारखं कुरकुरीत होतं. तो तुकडा करणाऱ्याचा. त्यावर घरात वाद झालेले आहेत, निर्णय बदललेला नाही.

कॅम्पात गेले की मार्झोरिनमध्ये मीही आवडीनं सँडविच खाते, तिथं ठेचा मागण्याचा आगाऊपणा करत नाही. तसा आमच्या घरी कुणी सॉस मागू नये, एवढीच अपेक्षा असते. बाटली आहे. पाहुण्यांनी मागितली तर मिळते. आपणहून विचारलं जात नाही.