कॉमर्स, ओक्लाहोमा: आधी पिचर, मग मिकी मँटलचं घर

न्यूयॉर्क यँकीजचा बेसबॉलपटू मिकी मँटल याचं गाव बघायला येणारे बरेच जण थेट त्याच्या घरासमोर गाडी लावतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत रूट ६६ हा जुना हायवे धरतात. इथे क्रमच चुकतो. आधी पिचर हे उजाड खाणगाव बघावं, मग मिकीचं कॉमर्स. नाहीतर घराशेजारची शेड, जिच्यापुढे मिकी खेळायला शिकला, ती म्हणजे नुसता गंजलेला पत्रा.

टल्साहून आय-४४ ने, म्हणजे विल रॉजर्स टर्नपाइकने, ईशान्येला साधारण ९० मैल गेलं की एक्झिट ३१३ ला मायॅमी लागतं. स्पेलिंग फ्लोरिडातल्या शहराचंच, पण इथली माणसं ‘मायॅमा’ म्हणतात. टोल रोख भरता येत नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागाहून येतं. गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते, ते आधी विचारून घ्यावं. पेट्रोल आणि जेवण मायॅमीतच उरकावं, पुढे पिचरमध्ये काही मिळत नाही. तिथून यूएस-६९ ने उत्तरेला. वाटेत कॉमर्स लागतं, पण थांबायचं नाही.

पिचर हे नाव बेसबॉलमधल्या पिचरवरून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरून, पडलेलं नाही, खाणमालकाच्या आडनावावरून पडलंय. देवनागरीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, त्याला इलाज नाही. सपाट माळावर करड्या खडीचे डोंगर दिसायला लागले की आलं समजायचं. शिसं आणि जस्ताचं खनिज दळून उरलेली ही बारीक खडी. इथे तिला ‘चॅट’ म्हणतात. कित्येक वर्षं पोरं या डोंगरांवर खेळली, हीच खडी रस्त्यांना आणि अंगणात वापरली गेली. बंद खाणींत पाणी भरलं आणि १९७९ पासून ते आम्ल, धातूमिश्रित होऊन टार क्रीकमध्ये उतरू लागलं. १९८३ मध्ये हा भाग सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफ करायच्या विषारी जागांच्या यादीत, गेला. लोकांची घरं विकत घेऊन त्यांना हलवणं चालू असतानाच मे २००८ मध्ये टोर्नेडो आला, आणि २००९ मध्ये नगरपालिका बंद झाली.

डोंगरावर चढू नका, धुळीत शिसं आहे. आठवण म्हणून खडा खिशात टाकू नका. डांबरी रस्ता सोडायचा नाही, कारण खाली जमीन पोकळ आहे आणि ती खचते. ओढ्याचं पाणी नारिंगी दिसतं, त्यात हात घालू नका. गाडीत बसण्याआधी बूट झटकावेत.

आता पाच मैल मागे, कॉमर्सला. ३१९, साउथ क्विन्सी स्ट्रीट. चार खोल्यांचं लाकडी घर, बाजूला पत्र्याची शेड. २०२२ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने या घराचे प्रत्येकी ७ डॉलरचे ४७,००० हिस्से विकायला काढले. ७ हा मँटलच्या जर्सीचा नंबर. आजूबाजूला लोक राहतात, त्यामुळे आवाज बेतानेच.

मिकीचे वडील, सगळे त्यांना मट म्हणत, याच भागातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत कामाला होते. पाळी संपवून घरी आले की पोराला शेडपुढे उभं करायचं आणि अंधार पडेपर्यंत टेनिस बॉल टाकायचे. जोडीला आजोबा. दोघांपैकी एक उजव्या हाताने टाकणारा, दुसरा डावखुरा. उजव्या हाताने टाकलेला वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून लांब जातो, डाव्याकडे आत येतो. आत येणारा चेंडू लवकर दिसतो. म्हणून समोरचा हात बदलला की पोराने बाजू बदलायची. क्रिकेटमध्ये लेगस्पिन कुणाला जड जाते ते आठवलं की हे चटकन कळतं. डाव्या बाजूने मारण्याचा आणखी एक फायदा: चेंडू मारला की धावत गाठायचा पहिला बेस ९० फुटांवर असतो आणि डावखुऱ्याला तिकडे एक पाऊल कमी पडतं.

मैदान म्हणजे घरच. चेंडू खिडकीच्या खाली लागला तर एक बेस, वर लागला तर दोन, छपरावर तीन, घरावरून पलीकडे गेला की होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा फटका. न लागलेला चेंडू मागे पत्र्यावर आदळायचा. शेडजवळ जाता आलं तर पत्र्यावरचे पोचे नीट बघा. उन्हं कलल्यावर, तिरप्या प्रकाशात ते ठळक दिसतात. दुपारच्या उन्हात नुसता गंज दिसतो.

पोराचं नाव मट यांनी मिकी कॉक्रन या कॅचरवरून (बेसबॉलचा यष्टिरक्षकच म्हणा) ठेवलं. कॉक्रनचं खरं नाव गॉर्डन होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मिकी वाचला बिचारा.

गावातल्या हायस्कूलच्या मैदानावर २०१० पासून मँटलचा पुतळा आहे. याच शाळेत अमेरिकन फुटबॉलच्या सरावात १९४६ साली त्याच्या डाव्या नडगीवर लाथ बसली आणि हाडाला जंतुसंसर्ग झाला. पाय कापण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ओक्लाहोमा सिटीच्या इस्पितळात पेनिसिलिनने तो वाचला. चार वर्षं आधी असतं तर हे औषध सामान्य माणसाला मिळालंच नसतं. इथल्या छोट्या गावांत एकच पोरगं फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल असं सगळं खेळतं, त्याची ही दुसरी बाजू. ओक्लाहोमाचाच जिम थॉर्प तर फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही व्यावसायिक पातळीवर खेळला. येल गावातलं त्याचं घर टल्साच्या पश्चिमेला तासाभरावर आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

कॉमर्सपासून पंधरा-वीस मिनिटांवर, कॅन्ससच्या हद्दीत बॅक्स्टर स्प्रिंग्ज. तिथल्या ‘व्हिझ किड्स’ संघातून खेळताना यँकीजच्या टॉम ग्रीनवेडने त्याला हेरलं. १९४९ मध्ये शाळा संपताच करार झाला, सगळे मिळून १,५०० डॉलर. पुढे ५३६ होमरन. १९५६ ला फलंदाजीची सरासरी .३५३, ५२ होमरन आणि १३० रन बॅटेड इन (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा), तिन्हीत पहिला.

परतीच्या वाटेवर मायॅमीतली जीएआर दफनभूमी लागते. मट तिथे आहेत. मे १९५२ मध्ये हॉजकिन्स आजाराने गेले तेव्हा ४० वर्षांचे होते. मिकीची कबर इथे शोधू नका, ती डॅलसला आहे.