आंबवणाची वही : अँटिबायोटिकनंतरचे सहा आठवडे

आपण घरी आंबवणारी माणसे जिवाणू पाळतो. त्यामुळे अँटिबायोटिक त्यांचे काय करते, हे मी पोटात अनुभवण्याआधी पातेल्यात पाहिले होते. चार वर्षांपूर्वी एका सकाळी रात्री लावलेले दही मुळीच लागले नव्हते. विरजण ताजे होते आणि दूधही नेहमीच्याच कोमटपणावर होते, तरी पातेल्यात दूध जसेच्या तसे, किंचित कडसर वासाचे, उभे होते. दूध घालणाऱ्या दादांना विचारले, तेव्हा गायीला दगडी (कासेची सूज) झाल्यामुळे कासेत अँटिबायोटिक सोडले होते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू पेनिसिलिनच्या अगदी अल्प अंशानेही खुंटतो, आणि म्हणूनच डेअऱ्या दूध घेताना अशा अंशांची तपासणी करतात.

या डिसेंबरात दाढेच्या मुळाशी पू झाला आणि दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी 5 दिवस, दिवसातून दोनदा, लिहून दिली. गोळी आवश्यकच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती सुरू केली त्याच दिवशी ही वही उघडली.

गोळ्यांचे दिवस. तिसऱ्या दिवसापासून पातळ शौचास होऊ लागले, दिवसातून चार वेळा. या जोडगोळीत ते वरचेवर आढळते. गोळी परस्पर बंद न करता मी दंतवैद्यांना फोन केला आणि त्यांच्या सल्ल्याने ती जेवणासोबत घेऊन पुरी केली. ताप, रक्त किंवा वारंवार पाण्यासारखे जुलाब दिसले, तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू नेहमीचे जिवाणू मरून अशा मोकळ्या झालेल्या आतड्यात माजतो, आणि तो गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही डोके वर काढू शकतो. दह्याची वाटी मी दोन गोळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवली, जेणेकरून दह्यातील जिवाणू औषधाच्या ऐन माऱ्यात सापडू नयेत. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल, तर हे अंतर वेगळ्या कारणाने पाळावे लागते : दुधातील कॅल्शियम त्या औषधांना बांधून ठेवते आणि औषधच कमी शोषले जाते.

पहिला आठवडा. एका स्नेह्यांनी प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल आणून दिल्या. त्या न घेण्याचा निर्णय मी विचारपूर्वक केला. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या 2018 सालच्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचे मिश्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात त्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. अभ्यासातील माणसे थोडी होती आणि उत्पादन एकच होते, तसेच गोळ्या चालू असताना जुलाब टाळण्यासाठी काही प्रोबायोटिकांचा उपयोग होतो, हेही खरे आहे. परंतु माझे जुलाब थांबले होते आणि मला जुनी वस्ती परत हवी होती. त्याच वर्षी कोपनहेगनच्या संशोधकांनी 12 निरोगी पुरुषांना तीन जहाल अँटिबायोटिके 4 दिवस दिली, तेव्हा दीड महिन्यात बहुतेक वस्ती पूर्ववत झाली, पण पूर्वी सर्वांमध्ये असलेल्या 9 जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. माझी सहा आठवड्यांची मुदत त्या दीड महिन्यावरून घेतली आहे. माझे औषध सौम्य होते, तेव्हा तुलना ढोबळच समजावी.

आहार या आठवड्यात मऊ भात, ताक, पिकलेले केळे आणि मुगाचे कढण एवढाच होता.

दुसरा आठवडा. येथे माझी चूक झाली. कांजीची बरणी तयार होती (एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम मीठ, गाजर, थोडे बीट, दोन चमचे मोहरीची पूड, चार दिवस उन्हात) आणि उत्साहाच्या भरात मी पेलाभर प्यायले. रात्रभर पोट फुगून राहिले. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर दोन चमचे कांजी ठेवली आणि दर तीन दिवसांनी एक चमचा वाढवला. आंबवलेल्या पदार्थांचा आधार मी सोडला नाही, कारण स्टॅनफर्डच्या 2021 सालच्या अभ्यासात 10 आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढलेले आढळले. मात्र ती निरोगी माणसे होती, अँटिबायोटिकमधून नुकतीच उठलेली नव्हती.

तिसरा आणि चौथा आठवडा. या वहीतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद ही आहे. बरणीत आपण भाजी पाण्याखाली दाबतो, कारण वर हवा लागली की नको ते जीव धरतात. मोठ्या आतड्यातही हेच चालते. तेथील जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात, आतड्याच्या अस्तरातील पेशी तेच जाळून जगतात, आणि जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतल्या जागेत ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. अँटिबायोटिकने हे जिवाणू घटले की ब्युटिरेट घटते, पेशी ऑक्सिजन कमी वापरतात, तो आत झिरपतो आणि हवेत वाढू शकणाऱ्या जातींचे फावते. बरणीचे झाकण उघडे राहावे तसेच हे आहे. नवे विरजण ओतत राहण्यापेक्षा उरलेल्यांना चोथा पुरवणे मला म्हणूनच अधिक पटते.

म्हणून ज्वारीची भाकरी, शिजवून गार केलेला बटाटा, मोड आलेली मटकी आणि कच्च्या केळ्याची भाजी हे पदार्थ एकेक करून परत आणले. रात्रीचा भात लगेच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ताकात कालवला. गार भातातील काही स्टार्च पचत नाही आणि थेट या जिवाणूंच्या वाट्याला जातो. भात ओट्यावर रात्रभर ठेवू नये, त्यात बॅसिलस सेरियस वाढतो. नाचणीची आंबील मी पीठ रात्रभर भिजवूनच करते, पण शिजवताना आंबवणारे जिवाणू मरतात, हे ध्यानात ठेवून ताक नेहमी आंबील कोमट झाल्यावर घालते. इडली आणि आंबोळी यांनाही तोच नियम लागू आहे : त्या पचायला हलक्या झालेल्या असतात, जिवंत मात्र नसतात.

सहावा आठवडा. शौच पूर्ववत, दिवसातून एकदा. मटकीची उसळ वाटीभर खाल्ली आणि पोट फुगले नाही. कांजी अर्ध्या पेल्यावर आली आहे. आज तिसरी बरणी उघडली, तेव्हा गाजराचा एकच तुकडा पाण्यावर तरंगत होता आणि नेमका त्याच्याभोवती पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा धरला होता. वास स्वच्छ आंबट होता, रंगीत बुरशी नव्हती. पापुद्रा आणि तो तुकडा काढून टाकला, वर काचेची छोटी वाटी उपडी घालून बाकीचे गाजर पाण्याखाली दाबले, आणि बरणी पुन्हा खिडकीत ठेवली.