तुम्ही विचारलेत म्हणून: त्या फुलीविषयी

इंग्लंडमधील लेस्टरमध्ये चौदा वर्षे काढून आम्ही २०२०च्या फेब्रुवारीत गोव्यात डिचोलीला परतलो, आणि तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या पाठीस लागला आहे. वाचनालयाच्या व्हरांड्यात, हळदीकुंकवाला, एकदा तर तेराव्याच्या जेवणानंतर हात धुताना तो मला विचारला गेला: "सगळे बाहेर आल्यावरही २०१७ साली तुम्ही कीथ वाझ यांनाच मत दिलेत, ते का?" वाझ म्हणजे आमचे तेथले खासदार, आणि "सगळे" म्हणजे २०१६ साली त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी वृत्तपत्रात आलेले वृत्त. महिला मंडळात तेथील निवडणुकांविषयी बोलताना ही गोष्ट मीच सांगून बसले होते, त्यामुळे ती चारचौघांत पसरली याबद्दल मला कुरकुर करता येणार नाही. माझी कुरकुर वेगळी आहे. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. "आपला गोंयकार म्हणून दिलेत ना?" असे म्हणून बहुतेक जण माझी सुटका करू पाहतात, आणि ती सुटका मला नको आहे.

त्यांची कारकीर्द तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून माझ्या उत्तरापुरतीच सांगते. १९५६ साली एडनमध्ये गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले आणि लहानपणीच इंग्लंडला गेलेले हे गृहस्थ १९८७ साली लेस्टर पूर्व मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडून आले, तेव्हा त्यांचे मताधिक्य २,०००च्याही आत होते. भारतीय वंशाचे आधीचे खासदार शापुरजी सकलातवाला १९२९ साली हरले, त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी हा दिवस आला होता. त्याच निवडणुकीत डायान अ‍ॅबट, बर्नी ग्रँट आणि पॉल बोटेंग हे कृष्णवर्णीय उमेदवारही निवडून आले. पुढे १९९९ ते २००१ ते युरोपविषयक मंत्री होते. २००२ साली संसदेच्या चौकशीनंतर त्यांना एक महिन्यासाठी निलंबित केले गेले, आणि तरीही २००७ साली ते गृहखात्यावर देखरेख करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष झाले. पोलीस, पासपोर्ट, परदेशातून येणारी माणसे, हे सारे त्या समितीच्या कक्षेतले विषय. १ जानेवारी २०१४ला रुमानियाच्या लोकांवरचे ब्रिटनमधील कामाचे निर्बंध उठले, त्या सकाळी ते स्वतः लूटनच्या विमानतळावर जाऊन उतरणाऱ्या प्रवाशांना भेटले होते. आमच्या घरी ते दृश्य दूरदर्शनवर सर्वांनी उभे राहून पाहिले, कारण अशा विमानतळावर उतरताना पोटात काय होते ते आम्हाला माहीत होते.

आता आमच्या घराविषयी, कारण उत्तराचा अर्धा भाग तेथेच आहे. घरात आम्ही चौघे मोठी माणसे होतो: माझे यजमान, माझे दीर, जाऊ आणि मी. गोव्यातील जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे तेथल्या कुटुंबांना मिळू शकणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवर ते तिघे आलेले. माझे माहेर सावंतवाडीचे, त्यामुळे जन्माने मला तो मिळण्यासारखा नव्हता; लग्नाच्या नात्याने पुढे घेता आला असता, पण भारतीय नागरिकत्व सोडायला माझे मन धजले नाही. याचा परिणाम असा झाला की संसदेच्या निवडणुकीत आमच्या घरात मत एकच होते आणि ते माझे होते. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना तेथे राहत असल्यास संसदेसाठी मतदान करता येते. पोर्तुगीज नागरिकाला येत नसे, त्याला तेव्हा नगरपरिषद आणि युरोपीय संसदेपुरते मत. २३ जून २०१६च्या सार्वमतातही हाच नियम होता. ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की नाही, या निर्णयावर ज्यांच्या नोकऱ्या आणि घरे टांगलेली होती, त्या तिघांना मत नव्हते आणि मला होते. त्या दिवसापासून मी स्वतःला सांगू लागले की माझे मत माझे एकटीचे नाही, ते चौघांचे आहे. हे वाक्य मला फार आवडत असे. पुढे काय झाले ते कळावे म्हणून ते आधीच लिहून ठेवते.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला हरतालिका होती आणि रविवार होता. माझा उपवास होता. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेले नारळ, काकड्या, एक लहान भोपळा आणि शेजारच्या झाडाची कच्ची सफरचंदे असे सारे मी आणि जाऊबाई माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, बांधत होतो, तेवढ्यात दीर हातात फोन घेऊन जिन्यावरून खाली आले. एका रविवारच्या वृत्तपत्राने वाझ यांच्या एका खाजगी भेटीचे वृत्त छुप्या ध्वनिमुद्रणासह छापले होते. त्यातील तपशील मी येथे देणार नाही. तो माझा विषय नव्हता आणि आजही नाही. यजमानांचे म्हणणे मात्र पहिल्या तासापासून स्पष्ट होते. त्यांच्या खाजगी आयुष्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण त्यांची समिती त्याच वर्षी वेश्याव्यवसायाच्या कायद्यांचा विचार करत होती, आणि ज्याने न्यायनिवाडा करायचा त्याने आपले हात त्या विषयापासून लांब ठेवायला हवे होते. त्यावर मला उत्तर सुचले नाही. दीर म्हणाले, "वयनी, आता आपल्यासाठी बोलणारे कोण उरले?" त्यावरही सुचले नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक चौकट होती. तिच्यात गोव्याच्या एका मराठी दैनिकातले १९८७ सालचे कात्रण होते. यजमान तेव्हा पंधरा वर्षांचे होते, त्यांनीच ते कापून जपले होते आणि आमच्याबरोबर ते इंग्लंडला आले होते. चतुर्थीच्या दिवशी पहाटे मी पूजेची तयारी करायला उठले तेव्हा भिंतीवर फक्त खिळा होता. यजमानांनी चौकट कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली होती. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतीचे बादलीत विसर्जन केले, आणि त्याच दिवशी वाझ यांनी समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्याची बातमी आली. खासदार मात्र ते राहिले.

नऊ महिन्यांनी, ८ जून २०१७ला, मुदतीपूर्वीच निवडणूक आली. मजूर पक्षाचे उमेदवार तेच. आदल्या रात्री जेवताना यजमान म्हणाले, "तू आमच्यासाठी म्हणून मत देणार असशील, तर माझ्या वाटणीचे त्यांना देऊ नकोस." मी म्हटले, मत तुकड्यातुकड्यांनी देता येत नाही. हुजूर पक्ष युरोपीय संघातून बाहेर पडायला निघाला आहे, तुमच्या राहण्याचा प्रश्न अजून अधांतरी आहे, आणि या मतदारसंघात मजूर पक्षाला मत म्हणजे त्यांनाच मत. ते म्हणाले, "मग कोरे टाक." मी म्हटले, कोऱ्या कागदाने कोणाचे भले झाले आहे? आवाज चढले नाहीत. जाऊबाईंनी ताटे उचलली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली सकाळची पाळी संपवून, केसांवरची जाळीसुद्धा पर्समध्ये कोंबून, मी परस्पर मतदान केंद्रावर गेले. प्राथमिक शाळेचे सभागृह होते. भिंतींवर मुलांनी काढलेली फुलपाखरे होती. मी नाव आणि पत्ता सांगितला, त्यांनी यादीवर रेघ मारली आणि कागद हातात दिला. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली एक जाड, आखूड पेन्सिल होती. आपल्याकडे बटण दाबतो, पूर्वी शिक्का मारत असू. तेथे उमेदवाराच्या नावासमोरच्या चौकोनात फुली मारायची असते. ही गोष्ट मला सार्वमताच्या वेळी लागली नव्हती, त्या दिवशी लागली. इंग्लंडला जाण्याआधी मी डिचोलीत आठ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. माझ्या हाताने मारलेली प्रत्येक फुली म्हणजे "हे चूक आहे" असे सांगणारी खूण होती. बरोबर उत्तराला मी कधीही फुली दिली नाही. त्या चौकोनापाशी पेन्सिल टेकवली आणि माझा हात थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण शेजारच्या आडोशातला माणूस गेला आणि दुसरा आला. मला यजमानांचा चेहरा आठवला, दिरांचे वाक्य आठवले, लूटनचा विमानतळ आठवला. मग मी फुली मारली. ती इतकी जोराने मारली की कागदाच्या मागून तिचे वळ बोटाला लागत होते. घडी केली, पेटीत टाकली, बाहेर आले. बोटाला शाई लागली नव्हती. वाटेत दोनदा मी ते पाहिले.

रात्री दहाला मतदान संपले आणि दूरदर्शनवर अंदाज सुरू झाले. यजमान गोदामातल्या रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी विचारले, आणि मी खरे सांगितले. ते बूट घालत होते. नाड्या बांधून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग उभे राहून म्हणाले, "म्हणजे ते मत तुझे एकटीचे." दार ओढून घेऊन ते गेले. त्यांचा डबा ओट्यावर तसाच राहिला. पोळ्या अजून गरम होत्या.

सकाळी निकाल आला. वाझ यांना ३५,०००हून अधिक मते मिळाली होती आणि मताधिक्य २२,०००च्या वर गेले होते. माझ्या एका मताने काही घडले नसते, हे मला कळते. हे कारण मी काही वर्षे लोकांना देत असे, आणि आज मागे घेते, कारण ज्या मताला मी घरात चौघांचे म्हणून मिरवत होते, त्याला बाहेर क्षुल्लक म्हणणे मला शोभत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की तुम्ही पोटापाण्याचा विचार केलात, त्यात लपवायचे काय? तसेच मीही स्वतःला समजावले. पण २०१७ सालची मी आणि आजची मी या दोघींचे येथे जुळत नाही. तेव्हाच्या मला ठाऊक होते की निवडून आल्यावर दोन वर्षांच्या आत, १९८९ साली, एका कादंबरीवर बंदी मागणाऱ्या लेस्टरच्या मोर्चात ते आघाडीवर होते. २००२चे निलंबनही ठाऊक होते. मी त्या सगळ्याला जुनी गोष्ट म्हणत असे. आजची मी तिला विचारते, की हेच एखाद्या हुजूर पक्षाच्या, गोऱ्या उमेदवाराने केले असते तर तू जुनी गोष्ट म्हणाली असतीस का? ती गप्प बसते. मग तीच मला उलट विचारते, की त्या दिवशी कोरा कागद टाकला असतास तर सकाळी उठून जाऊबाईंना काय सांगितले असतेस? तेव्हा मी गप्प बसते.

"आपला माणूस" या शब्दांविषयीही एक कबुली द्यायची आहे. मला तो शब्द तेथे गोड वाटे. येथे मात्र २०२२च्या ऑगस्टमध्ये पंचायतीच्या निवडणुका झाल्या, तेव्हा विजापूरकडून आलेल्या आणि तीस वर्षे आमच्या वाड्यावर राहणाऱ्या एका गवंड्याच्या मुलाने उभे राहायचे ठरवले. हा मुलगा येथेच जन्मला, येथेच शिकला. "हा भायलो आमचा पंच होणार?" असे माझ्या अंगणात बसून बोलले गेले, आणि मी चहा दिला, बोलणाऱ्याला अडवले नाही.

शेवट तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला आहे. २०१९ साली भाऊबीज २९ ऑक्टोबरला होती. तिच्या आगेमागेच संसदेच्या आचारविषयक समितीचा अहवाल आला. दुसऱ्या व्यक्तीसाठी कोकेन विकत घेण्याची तयारी वाझ यांनी दाखवली आणि चौकशीला सहकार्य केले नाही, असा निष्कर्ष काढून तिने सहा महिन्यांच्या निलंबनाची शिफारस केली, आणि ३१ ऑक्टोबरला सभागृहाने ती मान्य केली. एवढ्या दीर्घ निलंबनानंतर मतदारांना सह्या करून खासदाराला परत बोलावण्याची मागणी करता येते. ते व्हायच्या आधी संसदच विसर्जित झाली. पुढची निवडणूक आपण लढवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले, आणि बत्तीस वर्षांची खासदारकी संपली. १२ डिसेंबरला मी त्याच शाळेत गेले, तशीच पेन्सिल हातात घेतली, कागदावर त्यांचे नाव नव्हते. मला हायसे वाटले आणि त्याची लाजही वाटली, कारण मला निवडावे लागले नाही म्हणून मी सुटले होते. २०२४ साली ते एका लहान पक्षातर्फे पुन्हा उभे राहिले आणि पाचव्या क्रमांकावर गेले. १९८७पासून प्रत्येक निवडणुकीत मजूर पक्षाने जिंकलेली ती जागा हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी जिंकली. दीर आता ब्रिटिश नागरिक आहेत, त्या वेळी त्यांनी प्रथमच संसदेसाठी मत दिले. कोणाला, ते त्यांनी फोनवर सांगितले नाही.

हा प्रश्न आमच्या घरी कोणी काढला की यजमान उठून कुळागरातला पंप बघायला जातात. त्या रात्रीचे ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलेले नाही आणि मागेही घेतलेले नाही. लेस्टरचे घर आवरताना लोकरीच्या कपड्यांखाली ती चौकट मला सापडली, तेव्हा काच तडकली होती म्हणून मी फक्त कात्रण काढून घेतले. ते डिचोलीला माझ्या कपाटात, शाळेच्या जुन्या हजेरीपटात आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. त्यांना ते येथेच वाचायला मिळेल.